गोवा मुक्तीची हवाई मोहीम (१९६१)

गोवा मुक्तीची हवाई मोहीम : (१८–१९ डिसेंबर १९६१). गोवा, दमण व दीव येथील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आणणाऱ्या ‘ऑपरेशन विजय’ या संयुक्त लष्करी कारवाईतील भारतीय हवाई दलाचा सहभाग. लढाऊ आणि बाँबफेकी विमानांनी लष्कर व नौदलाला साथ दिली. शत्रूचे दळणवळण तोडायचे, पण नागरी जीविताला व मालमत्तेला शक्यतो धक्का लावायचा नाही, हे या मोहिमेचे सूत्र होते.

पार्श्वभूमी व योजना : गोव्यातील पोर्तुगीज सैन्याकडे लढाऊ विमाने नव्हती आणि विमानविरोधी तोफाही थोड्या व जुन्या होत्या. हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. पुण्याहून कॅनबेरा बाँबफेकी विमाने, तर बेळगावजवळच्या सांबरा तळावरून हंटर व व्हॅम्पायर ही लढाऊ विमाने उडणार होती. दमण आणि दीवसाठी मिस्टीर व तुफानी विमाने नेमली होती. दाबोळीची धावपट्टी निकामी करणे, बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडणे आणि पुढे सरकणाऱ्या पायदळाला साहाय्य करणे ही गोव्यातील मुख्य उद्दिष्टे होती. दाबोळी विमानतळाची प्रवासी इमारत व इतर नागरी सोयी वाचवण्याची स्पष्ट ताकीद वैमानिकांना होती.

प्रत्यक्ष कारवाई : १८ डिसेंबरच्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड वजनाचे बाँब टाकले. विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखालील ८ कॅनबेरांनी दुसरा हल्ला केला. दोन्ही वेळा प्रवासी इमारत आणि तेथे उभी असलेली दोन नागरी विमाने सुरक्षित राहिली. स्क्वाड्रन लीडर जयवंत सिंग यांच्या नेतृत्वाखाली सहा हंटर विमानांनी रॉकेट व तोफांचा मारा करून बांबोळीचे केंद्र बंद पाडले.

त्या रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीची घाईने डागडुजी केली आणि वाचलेल्या दोन विमानांतून अधिकाऱ्यांचे कुटुंबीय बाहेर काढले. अंधारात कमी उंचीवरून उडत ती कराचीला पोहोचली.

उत्तर गोवा : डिचोली तालुक्यातील मावळिंगे येथे १७ डिसेंबरलाच चकमक झडून ते भारतीय सैन्याच्या ताब्यात आले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेनंतर ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० पॅरा ब्रिगेडपैकी पश्चिमेकडील तुकडी, म्हणजे शीख लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण, रणगाड्यांसह दोडामार्गच्या बाजूने शिरली आणि थिवीमार्गे संध्याकाळी मांडवीकाठच्या बेती येथे पोहोचली. व्हॅम्पायर विमाने गस्त घालीत होती, परंतु त्यांना बोलावण्याची वेळ आली नाही. या पलटणीच्या ठाण्यांवर मात्र दोन व्हॅम्पायर विमानांनी चुकून रॉकेट डागले आणि दोन जवान जखमी झाले. दुसऱ्या एका प्रसंगी भारतीय जवानांनीच हवाई दलाच्या प्रशिक्षण विमानावर गोळीबार केला. वेगाने पुढे जाणारे पायदळ व आकाशातील वैमानिक यांच्यात अचूक संपर्क किती आवश्यक असतो, हे या दोन घटनांतून उघड झाले.

परिणाम व मूल्यमापन : गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी १९ डिसेंबरच्या रात्री शरणागती पत्करली. पुढे पिंटो यांचे २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूंछजवळ हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले. त्यावेळी ते पश्चिम हवाई विभागाचे प्रमुख होते. दाबोळीचा तळ १९६२ मध्ये नौदलाकडे आला. नागरी वाहतूकही तेथून चालत राहिली आणि जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाची तिला जोड मिळाली.

या मोहिमेत हवाई झुंज झाली नाही, म्हणून तिचे महत्त्व कमी ठरत नाही. प्रतिकार दुबळा असतानाही बळाचा वापर मोजून-मापून केला गेला. ज्यांच्या मुक्तीसाठी लढायचे, त्यांची घरे व माणसे सांभाळणे हाही युद्धकौशल्याचा भाग आहे, हे भारतीय वैमानिकांनी गोव्यात सिद्ध केले.