प्रथिने भरपूर खाल्ल्याने वजन वाढते का?

व्यायामशाळेत जाणारा सडपातळ तरुण वजन वाढावे म्हणून प्रथिनांची भुकटी घेतो. वजन घटविण्याच्या प्रयत्नात असलेली व्यक्ती पोळी-भात कमी करून अंडी, पनीर आणि मोड आलेली कडधान्ये वाढवते. एकाच अन्नघटकाकडून दोघांच्या अपेक्षा परस्परविरोधी असल्या, तरी दोन्हींत तथ्याचा अंश आहे. शरीराच्या गरजेपेक्षा अधिक उष्मांक पोटात गेले की वजन वाढते आणि प्रथिने या नियमाला अपवाद नाहीत. मात्र वाढलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हा प्रश्न वेगळा आहे. वजनकाट्यावरील आकडा त्याचे उत्तर देत नाही.

एक ग्रॅम प्रथिनांपासून शरीराला सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. कर्बोदकांचे प्रमाण तितकेच आहे, तर स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममधून ९ किलोकॅलरी मिळतात. कागदावर प्रथिने आणि साखर अशी समान ठरतात. शरीरातील हिशेब निराळा असतो. प्रथिनांचे पचन, शोषण व रूपांतर करण्यातच त्यांच्यातील २० ते ३० टक्के ऊर्जा खर्ची पडते. कर्बोदकांच्या बाबतीत हा खर्च ५ ते १० टक्के आणि स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत असतो.

गरजेहून अधिक आलेली अमिनो आम्ले शरीराला चरबीप्रमाणे साठवून ठेवता येत नाहीत. यकृतात त्यांच्यातील नायट्रोजन वेगळा होतो, त्याचा युरिया बनतो आणि तो मूत्रावाटे बाहेर टाकला जातो. उरलेला भाग ऊर्जेसाठी वापरला जातो किंवा त्याचे ग्लुकोजमध्ये रूपांतर होते. प्रथिनांची थेट चरबी होण्याचे प्रमाण अल्प आहे. यावरून प्रथिने कितीही खाल्ली तरी चालतील, असा अर्थ काढणे मात्र घाईचे ठरेल. शरीर प्रथिनांपासून मिळालेली ऊर्जा वापरू लागले की त्याच जेवणातील तूप-तेल जाळण्याची निकड उरत नाही, आणि ते साठून राहते. साठणारी चरबी तुपाची असली, तरी तिला जागा करून देणारे जादा प्रथिनच असते.

या विषयावरील अत्यंत काटेकोर प्रयोगांपैकी एक अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, पेनिंग्टन जैववैद्यकीय संशोधन केंद्रात झाला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १८ ते ३५ वयोगटातील २५ निरोगी व्यक्तींना केंद्रातच ठेवून, आठ आठवडे गरजेपेक्षा दररोज सुमारे ९५० किलोकॅलरी अधिक अन्न देण्यात आले. तीन गटांच्या आहारात प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेचा वाटा अनुक्रमे ५, १५ आणि २५ टक्के होता. कमी प्रथिने घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.१६ किलो वाढले, मध्यम गटाचे ६.०५ किलो, तर भरपूर प्रथिने घेणाऱ्यांचे ६.५१ किलो.

केवळ हे आकडे पाहणारा प्रथिनांनाच दोषी ठरवील. प्रत्यक्षात तिन्ही गटांतील चरबीची वाढ जवळपास सारखीच होती. फरक पडला तो चरबीविरहित वजनात. कमी प्रथिनांच्या गटात ते ०.७० किलोने घटले, मध्यम गटात २.८७ किलोने आणि भरपूर प्रथिनांच्या गटात ३.१८ किलोने वाढले. ज्यांचे वजन सर्वांत कमी वाढले, त्यांनी चरबी मिळविली आणि स्नायूंसह इतर ऊती गमावल्या. प्रयोग लहान होता आणि सहभागींना मुद्दाम जादा खाऊ घातले होते, हे लक्षात ठेवूनही त्यातून एवढे स्पष्ट होते की चरबी किती साठेल हे मुख्यतः एकूण जादा उष्मांक ठरवतात.

दैनंदिन जीवनात कोणी बळेच खाऊ घालत नाही. तेथे भूक महत्त्वाची ठरते. प्रथिनयुक्त अन्नाने पोट लवकर भरल्यासारखे वाटते आणि ते समाधान अधिक काळ टिकते. अमेरिकेतच २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९ जणांच्या एका अभ्यासात प्रथिनांचा वाटा एकूण ऊर्जेच्या १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेला गेला. हवे तेवढे खाण्याची मुभा असूनही त्यांचे खाणे दिवसाला सरासरी ४४१ किलोकॅलरींनी घटले आणि १२ आठवड्यांत वजन सरासरी ४.९ किलोने उतरले.

मग प्रथिने वाढविल्यावर अनेकांचे वजन का वाढते? बहुतेक वेळा कारण प्रथिनांच्या सोबतीला आलेल्या पदार्थांत असते. शेंगदाणे प्रथिनांसाठी खाल्ले जातात. पण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास २५ ग्रॅम प्रथिने असली, तरी एकूण ऊर्जा साडेपाचशे किलोकॅलरींच्या घरात असते. त्यातील प्रथिनांचा वाटा जेमतेम शंभर, उरलेला बहुतांश तेलाचा. पनीरची गोष्ट फारशी वेगळी नाही. उसळीवर तरंगणारी तर्री आणि वरणावरची तुपाची धार यांचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही.

भुकटीच्या बाबतीत गोंधळ अधिक आहे. साध्या व्हे प्रथिनाच्या एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिने आणि १२० किलोकॅलरी असतात. ते म्हशीच्या दुधाच्या मोठ्या पेल्यात केळे घालून घेतले, तर बेरीज साडेचारशेच्या पुढे जाते आणि त्यात प्रथिनांचा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी राहतो. ‘मास गेनर’ या नावाने मिळणारी भुकटी तर मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिनसारख्या कर्बोदकांची असते. काही उत्पादनांच्या एका पूर्ण मात्रेत हजाराहून अधिक किलोकॅलरी असतात. दोन्ही डबे दुकानाच्या एकाच फळीवर असतात आणि बोलीभाषेत दोन्हींना ‘प्रोटीन’च म्हटले जाते. डब्याच्या मागील तक्ता वाचल्याखेरीज हा फरक कळत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरविलेल्या निकषानुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी आहेत. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. स्नायू वाढविण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळावीत, असा सल्ला संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत आहे. जड व्यायाम करणाऱ्यांची गरज अधिक असते. तथापि व्यायामाविना केवळ प्रथिने वाढवून पिळदार शरीर घडत नाही.

वजन वाढण्याच्या धास्तीने प्रथिने कमी करणे ज्येष्ठांना महागात पडू शकते. वयानुसार स्नायू आपोआप झिजतात. त्यामुळे ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, अशी शिफारस युरोपीय तज्ज्ञगटांनी केली आहे. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्यांना मात्र ती लागू होत नाही. त्यांना जादा युरिया बाहेर टाकणे जड जाते आणि प्रथिनांची मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी लागते. मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्यांनी भुकटी सुरू करण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन यांची तपासणी करून घेणे श्रेयस्कर आहे, कारण मूत्रपिंडाचा विकार प्रारंभी बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही.