‘तो’ खोडून ‘ती’

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट सुरू होते पदवीच्या एका कागदापासून.

मद्रासचं गिंडी इंजिनिअरिंग कॉलेज. तिथल्या पदवीच्या छापील इंग्रजी मजकुरात ‘तो’ असंच असायचं. इंजिनिअर म्हणजे पुरुष, हे धरूनच चाललेलं. 1940 च्या दशकात पहिल्या मुली पास झाल्या आणि पंचाईत झाली. मग पेनाने ‘तो’ खोडलं आणि तिथे ‘ती’ लिहिलं. विषय संपला!

खरंच संपला का?

त्या मुलींपैकी एक होत्या ए. ललिता. जन्म 1919 चा. पंधराव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी नवरा वारला. पदरात चार महिन्यांची मुलगी. विधवेने घराच्या कोपऱ्यात दिवस काढायचे, असा तो काळ. पण ललितांना शिकायचं होतं, स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं.

डॉक्टर होता आलं असतं. त्या क्षेत्रात तेव्हा बायका होत्या. पण डॉक्टरला रात्री-अपरात्री बोलावणं येतं, आणि घरात तान्हं मूल. ललितांना ठरावीक वेळेचं काम हवं होतं. म्हणून इंजिनिअरिंग! वडील पप्पू सुब्बाराव त्याच कॉलेजात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक. त्यांनी शब्द टाकला, प्राचार्य के. सी. चाको यांनी साथ दिली आणि 1940 मध्ये प्रवेश मिळाला.

शेकडो मुलांत ही एकटी. पण वडील तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलींना प्रवेश खुला आहे, हे जाहीर करायला त्यांनी कॉलेजला लावलं. मग लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया सिव्हिलला आल्या. याच थ्रेसिया पुढे 1971 मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

ललितांनी जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ट्रेनिंग घेतलं, मग शिमल्यात नोकरी केली. तिथे भावाच्या घरी राहता आलं, म्हणून मुलीची सोय झाली. पुढे कोलकात्यात एका इलेक्ट्रिकल कंपनीत वीजवाहिन्या आणि सबस्टेशनचं डिझाइन केलं. भाक्रा-नांगल धरणाच्या जनरेटर्सच्या कामातही त्यांचा हात होता. 1964 मध्ये न्यूयॉर्कला स्त्री इंजिनिअर्स आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथेही त्या गेल्या.

ऐकायला भारी वाटतं ना? पण जरा मोजून बघा. वडील प्राध्यापक नसते तर? प्राचार्य अडून बसले असते तर? भावाचं घर नसतं तर? हुशारी तीच असती, पण भारताला ही इंजिनिअर मिळाली नसती.

आता आपल्या पुण्याकडे या. साल 1974, म्हणजे तीस वर्षं उलटलेली. टेल्कोच्या इंजिनिअरच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं: मुलींनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, तेव्हा बंगळूरला शिकत होत्या. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. पुण्यात मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली. मस्तच! पण पोस्टकार्ड न टाकलेल्या मुलींचं काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्या एका मैत्रिणीला साइटवर पोस्टिंग मिळालं. सगळ्यांनी पेढे खाल्ले. तिथे बायकांसाठी टॉयलेटच नव्हतं. ती दिवसभर पाणी प्यायची नाही. सहा महिन्यांत तिने ऑफिसातलं काम मागून घेतलं. आणि सगळे काय म्हणाले? ‘मुलींना साइट झेपत नाही.’

इंग्रजीत एक शब्द खोडला की काम भागतं. मराठीत तसं नाही. ‘तो पास झाला’ मधला ‘तो’ खोडून ‘ती’ लिहिलं, तर पुढचं ‘पास झाला’ही बदलावं लागतं. नाहीतर वाक्य चुकतं.

आपण कागदावर ‘ती’ लिहिली, त्याला ऐंशी वर्षं झाली. पुढचं वाक्य अजून दुरुस्त व्हायचंय.

भेटूया पुढच्या भागात!