ग्रंथ की परंपरा?

आगरदांड्याहून किनाऱ्याने उत्तरेस गेले की कोर्लई लागते. तेथील ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज अमलात रुजलेली बोली आणि श्रद्धा आजही नांदते. परंपरेचे बळ असे असते.

याच बळावरून युरोपात वाद पेटला. १५२१ मध्ये ल्यूथर म्हणाला, माझी चूक शास्त्रवचनाने किंवा विवेकाने दाखवा. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने शास्त्राइतकाच मान परंपरेलाही दिला.

आपल्याकडे हा प्रश्न एका विदुषीच्या जिवाशी आला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेज येथे झाला. चर्चची शिकवण निमूटपणे मानावी, असा त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचा आग्रह. रमाबाईंनी १८८५ मध्ये त्यांना लिहून कळविले की, एका पुरोहितवर्गाचे जू उतरविले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे.

परंतु केवळ ग्रंथ मानावा, तर तो हिब्रू आणि ग्रीक भाषांत! रमाबाई पुढे केडगावी त्या भाषा शिकल्या व त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

मध्यस्थ नको म्हणणे सोपे आहे. त्याच्या वाट्याचा अभ्यास मात्र मग आपणांसच करावा लागतो. रमाबाईंनी तो केला.