साथ आणि परगावचा मजूर

१८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरण्यांतला मजूर गावाकडे पळाला. जे थोडे मागे उरले त्यांना मालक रोजची मजुरी रोज हातावर ठेवू लागले. नाक्यानाक्यावर मजुरासाठी चढाओढ लागली. पळणे हेच त्या मजुराचे हत्यार ठरले. पुढच्याच वर्षी सरकारने साथरोग कायदा केला.

तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. या वेळी काम थांबले आणि वाटाही बंद झाल्या. हत्यार गेले.

आमच्या मानोरा, मालेगाव, रिसोडकडचा भूमिहीन माणूस सोयाबीन निघाले की पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातो. माझा थोरला भाऊ तसाच गेलेला. (त्याच्या मजुरीवर मी एम.ए. झालो, हेही इथे नोंदवले पाहिजे.) पुण्याच्या वस्तीतल्या मजुराचीही मजुरी बुडाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याला उधार देणारा दुकानदार होता, हाताशी रेशनकार्ड होते. भावाचे कार्ड गावी, आईच्या ट्रंकेत. खोलीचे भाडे मात्र पुण्यात चढत होते. बांधकाम मंडळाने नोंदीत मजुरांना दोन हजार रुपये दिले. नोंदीसाठी नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. दर महिन्याला साइट बदलणाऱ्याला तो कोण देणार? कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना फुकट धान्याची घोषणा झाली १४ मे रोजी. तोवर भाऊ गावच्या शाळेत विलगीकरणात होता. गावकुसाबाहेर ठेवण्याची सवय गावाला जुनीच! पुढे पेरणीला परतलेल्यांची गर्दी झाली आणि कधीच बाहेर न गेलेल्यांचाही रोज घसरला.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात मुंबईच्या आरोग्य खात्याने मृत्यूंचा जातवार हिशोब ठेवला होता. खालच्या म्हटलेल्या जातींत हजारी ६१.६, इतर हिंदूंत १८.९, युरोपियनांत ८.३. तोच ताप, तेच शहर. फरक खोलीचा, पोटाचा आणि औषधाचा. परक्या सरकारने निदान मोजले. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारले गेले, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले? कामगार मंत्रालयाचे उत्तर होते, अशी आकडेवारी ठेवली जात नाही.

भाऊ दिवाळीनंतर पुन्हा पुण्याला गेला. पहिल्या दोन महिन्यांची मजुरी बंद खोलीचे भाडे फेडण्यात गेली.