चारशे फूट पाण्याखालची साक्ष

टायटॅनिक जहाजाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. काहीजणींनी सिनेमाही पाहिला असेल. त्या जहाजाला एक धाकटं भावंड होतं, ब्रिटानिक. आज त्याची गोष्ट ऐकू या.

ब्रिटानिक बांधलं होतं श्रीमंत प्रवाशांसाठी. पण पहिलं महायुद्ध पेटलं आणि त्याचं तरंगतं इस्पितळ झालं. अंगावर पांढरा रंग, हिरवा पट्टा आणि मोठे लाल क्रॉस. काम काय, तर भूमध्य समुद्राच्या बाजूच्या लढायांतले जखमी शिपाई इंग्लंडला आणायचे.

२१ नोव्हेंबर १९१६. ग्रीस देशातल्या केआ बेटाजवळून जहाज चाललं होतं. जखमींना अजून घ्यायचं होतं, खाटा रिकाम्या होत्या. सकाळी सव्वाआठच्या सुमारास मोठा धक्का बसला. जर्मन पाणबुडीनं समुद्रात पेरून ठेवलेला सुरुंग फुटला होता. ५५ मिनिटांत एवढं मोठं जहाज तळाला गेलं. हजाराहून जास्त माणसांपैकी ३० जण गेले. बाकीचे वाचले, कारण किनारा जवळ होता आणि केआचे कोळी होड्या घेऊन धावले.

जहाजावरच्या परिचारिका एकूण एक वाचल्या. व्हायोलेट जेसप नावाची एक बाई तर चार वर्षांपूर्वी टायटॅनिकमधूनही वाचलेली. या वेळी तिची होडी जहाजाच्या फिरत्या पंख्याकडे ओढली गेली. तिनं पाण्यात उडी टाकली, डोक्याला मार लागला, पण जगली. टायटॅनिकच्या वेळी दात घासायचा ब्रश राहून गेला होता, म्हणून या वेळी तो आठवणीनं घेतला, असं तिनं पुढे लिहून ठेवलंय. जीव वाचवतानासुद्धा बाईला रोजच्या गरजेची वस्तू आठवते!

आता खरा प्रश्न. टायटॅनिकच्या अपघातानंतर ब्रिटानिक जास्त मजबूत केलं होतं. टायटॅनिक बुडायला अडीच तासांहून जास्त वेळ लागला. मग हे तासाच्या आत कसं बुडालं?

एक कारण होतं गोल खिडक्या. जखमी यायच्या आधी वॉर्डात हवा खेळावी म्हणून त्या उघडल्या होत्या. जहाज कलल्यावर त्यातून पाणी शिरलं. एवढंच ऐकलं तर कुणी पटकन म्हणेल, नर्सबायांनी जहाज बुडवलं. पण थांबा.

१९७५ साली फ्रान्सचे समुद्र संशोधक झाक कुस्तो यांनी हे जहाज शोधून काढलं. ते सुमारे चारशे फूट खोल आहे. आपल्याकडे चारशे फुटांची बोअर मारतात ना, तेवढं. तिथं माणसानं उतरायचं म्हणजे जिवाशी खेळ. सोड्याची बाटली झटकन उघडली की कशी फसफसते? खोल पाण्यातून पाणबुड्या झटकन वर आला, तर त्याच्या रक्तात तसेच बुडबुडे होतात. म्हणून तळाशी थोडी मिनिटं काम करायचं आणि टप्प्याटप्प्यानं थांबत काही तास वर यायचं. तरीही या जहाजापायी काही पाणबुड्यांनी जीव गमावलाय.

२००३ साली पाणबुडे जहाजाच्या आत शिरले. पाणी अडवण्यासाठी लोखंडी दारं होती, त्यातली काही उघडीच दिसली. स्फोटानंतर ती बंदच झाली नव्हती. म्हणजे दोष एकट्या खिडक्यांचा नव्हता. दारं नीट लागली असती, तर पाणी इतक्या लवकर खिडक्यांपर्यंत चढलं नसतं. वाचलेल्यांनी तेव्हा जे सांगितलं होतं, त्याला समुद्राच्या तळानं साक्ष दिली.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९७६ साली कुस्तो पुन्हा तिथं गेले, तेव्हा त्यांनी शीला मॅकबेथ मिचेल यांना बरोबर बोलावलं. बुडताना त्या जहाजावर परिचारिका होत्या. आता वय ऐंशीच्या पुढे! यंत्रं होती, कॅमेरे होते, तरी त्या दिवसाचं सांगायला त्याच हव्या होत्या.

आज ग्रीस सरकारच्या परवानगीशिवाय तिथं उतरता येत नाही. ते योग्यच आहे, कारण तिथं माणसं गेली आहेत. २०२५ साली परवानगीनं जहाजाची घंटा, एक दुर्बीण आणि काही वस्तू वर काढल्या. त्या कुणाच्या दिवाणखान्यात नाही, ग्रीसमधल्या संग्रहालयात जाणार आहेत.

मैत्रिणींनो, घरात, गावात काही बिघडलं की बोट आधी कुणाकडे जातं, ते आपल्याला माहीत आहे. पुढच्या वेळी तसं बोट उठलं, तर एवढंच विचारा: खिडकी कुणी उघडली ते कळलं, पण दारं का लागली नाहीत, ते कुणी पाहिलं का?

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.