तोफांचे नांगर आणि सर्व्हरचा वीजपुरवठा

बेळगाव-निपाणी पट्ट्यातला माणूस जुनी वस्तू सहसा टाकत नाही, हे काटकसरीचं लक्षण मानलं जातं. मला ते स्पष्टीकरण अपुरं वाटतं. टाकाऊ वस्तू पुन्हा कामाला लावायची तर ती आतून कळावी लागते, आणि इथला यंत्रउद्योग त्या कळण्यावरच उभा राहिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे त्याच गावात कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाला. नगरपालिकेला जागा हवी झाली म्हणून कारखाना हलवावा लागला आणि 1910 मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड दुर्मीळ झालं, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

ही गोष्ट नेहमी राजाच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. औदार्य खरंच, पण ओतकामाची अडचण त्यात झाकली जाते. कोकच्या भट्टीत भंगार पुन्हा पुन्हा वितळवलं की त्यात गंधक चढतं आणि सिलिकॉन घटतं. ओतीव पांढरं पडतं, ड्रिल लागू देत नाही आणि घाव बसताच तडकतं. शिवाय पातळ भाग झटकन थंड होतो, त्यामुळे जाड नळीत मऊ राहिलेलं बीड नांगराच्या पातळ अंगात काचेसारखं ठिसूळ होऊ शकतं. भंगारात ताजं बीड किती मिसळायचं, हे भट्टीवरच्या माणसाला ठरवावं लागतं. नुसती तोफ मिळून नांगर होत नाही.

कोणी म्हणेल, ही टंचाईतली तडजोड होती. माल मिळू लागला की गरज संपते. तसं झालेलं नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आजही भंगार हा कच्चा मालच आहे. शेजारच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आणला. पुढे गिरण्यांनी बाद केलेले माग घेऊनच ते गाव वाढलं, आणि निपाणीकडच्या माणकापूर-बोरगावातही यंत्रमागांचा धंदा रुजला. गिरणीला जो माग परवडत नव्हता, तो दुरुस्ती जाणणाऱ्या घरात वर्षानुवर्षं चालला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोखंडाचं ठीक, इलेक्ट्रॉनिक भंगार धोक्याचं असतं. सर्व्हरमधून निघालेला 750 वॅटचा वीजपुरवठा घ्या. तो 12 व्होल्टला सुमारे 62 अँपिअर देतो; घरच्या प्रयोगाला, बॅटरी चार्जरला, एलईडी दिव्यांना भरपूर. पण त्याच ताकदीने चुकीची जोडलेली तार पेटते, आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट काही काळ टिकून राहतात. म्हणून पेटी न उघडता, उत्पादकाची माहिती वाचून चालू करायची पिन जोडावी, प्रत्येक वाटेवर फ्यूज घालावा, पंखा अडवू नये. हा धोका अज्ञानाचा आहे. भट्टीतही तो होताच, आणि तिथे आपण भंगार फेकलं नाही, भट्टी शिकलो.

बेळगाव-निपाणीच्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकांनी हे वीजपुरवठे भंगारवाल्याकडे जाण्याआधी आपल्या टेबलावर घ्यावेत, आणि विद्यार्थ्यांना ते तपासायला, मोजायला, सुरक्षितपणे वापरायला शिकवावं.