केस झडत नाहीत, ॲलर्जी होत नाही: पूडल-मिक्स कुत्र्यांबद्दलचे दावे किती खरे?

इन्स्टाग्रामवर रील्स बघताना टेडी बेअरसारखं दिसणारं एखादं कुरळं पिल्लू तुम्हालाही दिसलं असेल. कुणी त्याला लॅब्राडूडल म्हणतं, कुणी कॉकापू, कुणी माल्टीपू. खाली कॅप्शन ठरलेलं असतं: 'केस झडत नाहीत, ॲलर्जी होत नाही, फ्लॅटसाठी बेस्ट.' ते वाचून घरात चर्चा सुरू होते, मुलं हट्ट धरतात आणि कुणीतरी ब्रीडरला मेसेज टाकतं.

पण पिल्लू घरी आलं की ते 10 ते 15 वर्षं तुमच्यासोबत राहणार असतं. म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी हे दावे तपासून घ्यायला हवेत.

पूडल-मिक्स म्हणजे नेमकं काय?

पूडल आणि दुसऱ्या जातीचा कुत्रा यांच्या संकरातून झालेलं पिल्लू म्हणजे पूडल-मिक्स. लॅब्राडॉरसोबत लॅब्राडूडल, गोल्डन रिट्रीव्हरसोबत गोल्डनडूडल, कॉकर स्पॅनियलसोबत कॉकापू, माल्टीजसोबत माल्टीपू. या सगळ्यांना मिळून 'डूडल' म्हणतात.

पूडल हा शोभेचा कुत्रा आहे, असा आपला समज असतो. मुळात तो पाण्यात पडलेली शिकार आणून देणारा कुत्रा. त्याचं नावच पाण्यात डुबुकण्याशी संबंधित जर्मन शब्दावरून आलं आहे. त्यामुळे तो हुशार असतो, चपळ असतो आणि काम नसेल तर वैतागतो. हे गुण मिक्स पिल्लांमध्येही उतरतात.

हे खूळ सुरू कुठून झालं?

गोष्ट ऑस्ट्रेलियातली, 1980 च्या दशकातली. वॉली कॉनरन तिथल्या रॉयल गाइड डॉग्ज संस्थेत ब्रीडिंगचं काम बघायचे. हवाईमधल्या एका दृष्टिहीन महिलेला गाइड डॉग हवा होता, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी आधी 33 पूडल तपासले. गाइड डॉगच्या कामाला त्यातला एकही उतरला नाही. मग त्यांनी लॅब्राडॉर आणि पूडलचा संकर केला. 1989 मध्ये तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले. तिघांपैकी फक्त एकाचा त्या नवऱ्याला त्रास झाला नाही. त्याचं नाव सुलतान.

उरलेली दोन पिल्लं सांभाळायला लोक पुढे येईनात. संकरित पिल्लू कुणालाच नको होतं. मग कॉनरन यांनी 'लॅब्राडूडल' या नावाने त्यांची प्रसिद्धी केली आणि मागणी वाढली. 2009 मध्ये बराक ओबामांनी मुलींसाठी कुत्रा शोधताना लॅब्राडूडलचाही विचार केला होता. शेवटी त्यांनी पोर्तुगीज वॉटर डॉग घेतला. पुढे कॉनरन यांनीच या सगळ्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. पैशासाठी कसेही संकर करणाऱ्यांना आपण वाट मोकळी करून दिली, ही त्यांची खंत होती.

मग ॲलर्जी होते की नाही?

होऊ शकते. ॲलर्जी मुळात केसांमुळे होत नाही. कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि लघवीत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे ती होते. केस कमी झडले, तरी कुत्रा अंग चाटणार आणि कोंडा पडणार.

2011 मध्ये अमेरिकेत 'हायपोॲलर्जेनिक' म्हणवल्या जाणाऱ्या जातींची घरं आणि इतर कुत्र्यांची घरं यांची तुलना झाली. धुळीतल्या ॲलर्जीकारक प्रथिनाच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. 2012 मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासातही कुठल्याच जातीला 'हायपोॲलर्जेनिक' म्हणण्याइतका पुरावा सापडला नाही.

घरात दमा किंवा ॲलर्जीचा पेशंट असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. मग ज्या कुत्र्याचा विचार करताय, त्याच्यासोबत दोन-तीन वेळा काही तास घालवा. त्रास होणार असेल, तर तो पिल्लू घरी आणण्याआधी कळलेला बरा. नाहीतर सहा महिन्यांनी त्या कुत्र्यालाच घर सोडावं लागतं.

मिक्स म्हणजे जास्त निरोगी?

हाही अर्धसत्य दावा आहे. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2024 मध्ये कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची तुलना त्यांच्या मूळ जातींशी केली. बहुतेक आजारांच्या बाबतीत फरक आढळला नाही. म्हणजे ते जास्त आजारी नाहीत आणि जास्त ठणठणीतही नाहीत. आईवडिलांना खुब्याच्या सांध्याचा किंवा डोळ्यांचा आनुवंशिक आजार असेल, तर तो पिल्लात येऊ शकतो.

पिल्लू निवडताना काय बघाल?

- एफ-वन आणि एफ-वन-बी: एफ-वन म्हणजे निम्मा पूडल. त्याचा पुन्हा पूडलशी संकर केला की एफ-वन-बी, म्हणजे साधारण 75 टक्के पूडल. पण कुरळेपणा आणि केसांची लांबी वेगवेगळ्या जनुकांवर ठरते. एकाच वेळच्या पिल्लांपैकी एक कुरळं आणि दुसरं लॅबसारखं केस गाळणारं निघू शकतं. छातीठोक गॅरंटी देणाऱ्यापासून सावध राहा.
- वय: 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही.
- ब्रीडर: याच नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणं बंधनकारक आहे. प्रमाणपत्र मागा. पिल्लाची आई बघायचीच, असा आग्रह धरा. 'रस्त्यात भेटून पिल्लू देतो' म्हणणाऱ्याला नकार द्या.
- कागदपत्रं: लसीकरणाचं कार्ड, जंतनाशकाच्या तारखा आणि आईवडिलांच्या खुब्याच्या व डोळ्यांच्या तपासण्या.
- आकार: टॉय पूडलचं मिक्स आणि स्टँडर्ड पूडलचं मिक्स यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गोल्डनडूडल 30 किलोचाही होऊ शकतो.

सगळ्यात मोठं काम: केस

केस कमी गळतात याचा अर्थ गळलेला केस जमिनीवर न पडता अंगावरच अडकतो. तिथेच गुंता होतो. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा छान दिसतो, पण कातडीजवळ जट बांधली जाते. ती कातडी ओढते, दुखते आणि आत ओल धरून जखम होते.

रोज, निदान एक दिवसाआड, केसांचे थर वेगळे करून मुळापासून विंचरा. आधी ब्रश, मग स्टीलचा कंगवा. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता गेला पाहिजे. कानामागे, काखेत आणि पट्ट्याखाली जास्त लक्ष द्या. गुंता आंघोळीआधी सोडवा, पाण्याने तो अजून घट्ट होतो. सहा ते आठ आठवड्यांनी ग्रूमरकडे न्या. हा खर्च आयुष्यभराचा आहे, तो बजेटमध्ये धरा.

पावसाळ्यात फिरून आल्यावर पंजे आणि पोट पूर्ण कोरडं करा. दाट केसांत गोचीड दिसत नाहीत, त्यामुळे बोटांनी चाचपून बघा. लोंबत्या, केसाळ कानांत ओल राहून संसर्ग होतो. कानाला वास येत असेल किंवा कुत्रा सारखी मान झटकत असेल, तर व्हेटकडे जा. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो, त्याच्या लसीबद्दलही विचारा.

उन्हाळ्यात केस बारीक कापा, पण कातडी उघडी पाडू नका. फिरायला पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर न्या. हाताची मागची बाजू रस्त्यावर काही सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पायही भाजणार.

घरातले नियम

प्रसादाचा शिरा प्रेमाने भरवू नका. बेदाण्यांमुळे कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कांदा, लसूण, चॉकलेट आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही दूर ठेवा. रोज व्यायाम आणि थोडं ट्रेनिंग हवंच. दिवसभर एकटा ठेवलेला डूडल भुंकतो, सोफा कुरतडतो आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू होतात. मुंबई-पुण्यात महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस आवश्यक आहे.

मग घ्यायचा की नाही?

रोज विंचरायला वेळ असेल, ग्रूमिंगचा खर्च झेपणार असेल आणि घरात दिवसा कुणी असेल, तर डूडल लळा लावणारा साथीदार आहे. यातलं काही जमणार नसेल, तर शेल्टरमधला देशी कुत्रा बघा. त्याचे आखूड केस आपल्या हवेला सोयीचे असतात आणि त्याला घराची गरज जास्त आहे.

आणि रील बघून निर्णय घेणार असाल, तर एक लक्षात ठेवा: ते रील ग्रूमरकडून आल्यानंतरच्या तासाभरात शूट झालेलं असतं.